तेलीबांध्याच्या नाक्यावरून : विजेवरील छोट्या मालवाहू गाडीची मालकी, चार्जिंग आणि पल्ला

रायपूर शहराच्या पूर्व भागातील तेलीबांधा हे ठिकाण तलावाकाठच्या ‘मरीन ड्राइव्ह’मुळे सर्वपरिचित असले, तरी मालवाहतुकीच्या दृष्टीने त्याची ओळख निराळी आहे. नागपूर, दुर्ग, रायपूर आणि संबलपूर यांना जोडणारा जुना जीई रोड येथून जातो. शहराच्या दक्षिण अंगाने येणारा रिंग रोड क्रमांक १ येथेच त्याला मिळतो आणि विमानतळ व नवा रायपूरकडे जाणारी वाहतूकही याच परिसरातून वळते. पंडरीचा कापडबाजार, डुमरतराईचा घाऊक बाजार, उत्तरेकडील उरला व सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आणि पूर्वेचे आरंग ही सारी ठिकाणे येथून छोट्या मालवाहू गाडीच्या रोजच्या टप्प्यात येतात. महाराष्ट्रात ज्या गाडीला सर्रास ‘छोटा हत्ती’ म्हटले जाते, त्या जातीच्या गाड्यांचे हे नैसर्गिक कार्यक्षेत्र होय.

ही गाडी आता विजेवर चालू लागली आहे. इंधनाचा खर्च वाचतो, हे तिचे सर्वांत मोठे आकर्षण. परंतु कर्ज काढून गाडी घेणाऱ्या आणि स्वतःच ती चालवणाऱ्या मालकासाठी हा निर्णय अनेक वर्षांच्या हप्त्यांशी बांधलेला असतो. विजेवरील छोटी मालवाहू गाडी फायद्यात चालेल की नाही, हे माहितीपत्रकात छापलेल्या पल्ल्यापेक्षा दोन गोष्टींवर ठरते : रोजची फेरी किती किलोमीटरची आहे आणि रात्री गाडी कोठे चार्ज होणार आहे.

बाजारात काय उपलब्ध आहे

अमेरिकेत ‘इलेक्ट्रिक पिकअप’ म्हटले की रिव्हियनची आर१टी किंवा फोर्डची एफ-१५० लाइटनिंग डोळ्यांसमोर येते. यांतील पहिली २०२१ मध्ये आणि दुसरी २०२२ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली. सुमारे १०० ते १३० युनिट साठवणाऱ्या त्यांच्या बॅटऱ्या आणि पाच माणसांची केबिन हा प्रकार भारतीय बाजारात नाही. येथे विजेवर आली ती शहरांतर्गत मालवाहतुकीची छोटी गाडी.

टाटा मोटर्सने २००५ साली आणलेल्या ‘एस’ या गाडीने देशात छोट्या चारचाकी मालवाहू गाड्यांचा वर्ग रुजवला. त्याच नावाची विद्युत आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. २१.३ युनिटांची बॅटरी, ६०० किलो भारक्षमता आणि १५४ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला अशी तिची मूळ रचना होती. मे २०२४ मध्ये १,००० किलो भारक्षमतेची आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राने ‘झेडईओ’ बाजारात आणली. तिच्यात १८.४ किंवा २१.३ युनिटांच्या बॅटरीचा पर्याय आहे. जून २०२५ मध्ये टाटांची ‘एस प्रो’ आली. तिच्या विद्युत आवृत्तीत १४.४ युनिटांची बॅटरी असून भारक्षमता ७५० किलो आहे. ऑयलर, स्विच यांसारख्या कंपन्यांनी एक टनाहून अधिक माल नेणाऱ्या गाड्याही विक्रीस आणल्या आहेत.

येथे ‘युनिट’ म्हणजे घरच्या वीजबिलातील तेच युनिट, अर्थात एक किलोवॅट-तास. बॅटरीची क्षमता याच मापात सांगितली जात असल्याने हिशेब सोपा होतो. २१.३ युनिटांची बॅटरी म्हणजे एक हजार वॅटची शेगडी सुमारे एकवीस तास चालेल एवढी वीज.

छापील पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

गाडीचा पल्ला ठरवून दिलेल्या चाचणीचक्रानुसार प्रयोगशाळेत मोजला जातो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही अशा प्रमाणीकरणाची प्रमुख संस्था आहे. ही चाचणी निरनिराळ्या गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी असते. ती रस्त्यावरची हमी नव्हे. पूर्ण भरलेला हौदा, समोरून येणारा वारा, चाकांतील कमी हवा आणि सलग वेग यांमुळे पल्ला घटतो. ताडपत्रीने झाकलेला उंच माल हवेला अडवतो आणि महामार्गावर त्याचा परिणाम विशेष जाणवतो. याउलट शहरातील थांबत-थांबत होणारी धाव या गाड्यांना मानवते, कारण वेग कमी करताना मोटर उलट काम करून काही वीज बॅटरीत परत भरते.

नियोजन करताना प्रमाणित पल्ल्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश एवढेच अंतर हिशेबात धरणे शहाणपणाचे ठरते. १५४ किलोमीटरचा पल्ला सांगणाऱ्या गाडीसाठी हा आकडा साधारण १०० ते ११५ किलोमीटर येतो.

चढणीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. मालासह १,८०० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंच चढवण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सुमारे अर्धा युनिट वीज लागते. सपाटीवर तेवढ्या विजेत तीन-साडेतीन किलोमीटर अंतर कापता येते. रायपूर महानदी खोऱ्याच्या मैदानात वसले असल्याने शहराच्या आसपास ही अडचण फारशी येत नाही. मात्र जगदलपूरच्या वाटेवरील केशकाल घाटासारख्या ठिकाणी ती विचारात घ्यावीच लागते. उतारावर काही वीज परत मिळते, परंतु चढताना खर्च झालेली सर्व वीज कधीच परत येत नाही.

रोजच्या किलोमीटरचा हिशेब

एस प्रोच्या पेट्रोल आवृत्तीची किंमत बाजारात येताना ३.९९ लाख रुपये, तर विद्युत आवृत्तीची ६.५० लाख रुपये जाहीर झाली होती. दोहोंतील फरक २.५१ लाख रुपयांचा होता. हा फरक इंधनबचतीतून किती काळात भरून निघेल, हे एका नमुना हिशेबाने पाहता येते.

पेट्रोल १०० रुपये लिटर आणि भरल्या गाडीची सरासरी लिटरला १६ किलोमीटर धरली, तर इंधनखर्च किलोमीटरमागे ६.२५ रुपये होतो. विद्युत गाडीची बॅटरी पूर्ण भरताना होणारी घट जमेस धरून मीटरवर साडेसोळा युनिट पडतील, दर ८ रुपये असेल आणि प्रत्यक्ष पल्ला १०० किलोमीटर मिळेल असे मानले, तर खर्च किलोमीटरमागे सुमारे १.३२ रुपये येतो. बचत ४.९३ रुपयांची. वर्षाला ३०० दिवस गाडी चालली, तर चित्र असे दिसते :

• रोज २५ किलोमीटर : वार्षिक बचत सुमारे ३७ हजार रुपये. किमतीतील फरक भरून निघण्यास पावणेसात वर्षे.

• रोज ६० किलोमीटर : वार्षिक बचत सुमारे ८९ हजार रुपये. फरक तीन वर्षांच्या आत वसूल.

• रोज ९० किलोमीटर : वार्षिक बचत सुमारे १ लाख ३३ हजार रुपये. फरक दोन वर्षांच्या आत वसूल.

आता हीच गाडी घरी वा गोदामात चार्ज न होता सार्वजनिक केंद्रावर करासह २० रुपये युनिट दराने चार्ज होते असे समजू. किलोमीटरमागील खर्च ३.३० रुपयांवर जातो आणि रोज ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीलाही फरक भरून काढण्यास पावणेपाच वर्षांच्या आसपास लागतात. गाडी तीच आणि फेरीही तीच असताना केवळ चार्जिंगची जागा बदलल्याने हिशेब दोन वर्षांनी लांबतो.

या हिशेबात कर्जाचे व्याज, विमा, टायर आणि देखभाल धरलेली नाही. विद्युत गाडीत इंजिन ऑइल, क्लच आणि इंधनाचे फिल्टर नसल्याने देखभाल कमी पडते. मात्र किंमत अधिक असल्याने कर्जाची रक्कम व तिच्यावरील व्याज वाढते. पेट्रोलचा दर, वीजदर आणि गाडीची किंमत बदलली की आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

कर, अनुदान आणि कागदपत्रे

विद्युत वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून इंधनावरील मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे विद्युत गाडीला मिळणारा करातील लाभ पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. जुन्या किमतींवर केलेली तुलना म्हणूनच आज जशीच्या तशी लागू होत नाही.

केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेला १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रारंभ झाला. तिची एकूण तरतूद १०,९०० कोटी रुपयांची आहे. या योजनेत विद्युत ट्रकांना प्रोत्साहन असले, तरी ते एन२ आणि एन३ या वर्गांसाठी, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकांसाठी आहे. तीनचाकी मालवाहू गाड्यांचाही योजनेत समावेश होता. या दोहोंच्या मधला वर्ग, म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची चारचाकी मालवाहू गाडी, खरेदी अनुदानाबाहेर राहिली. छोट्या गाडीमालकासाठी त्यामुळे राज्याचे धोरण अधिक महत्त्वाचे ठरते.

छत्तीसगढने २०२२ साली पाच वर्षांसाठी विद्युत वाहन धोरण लागू केले. मूळ धोरणात गाडीच्या किमतीच्या १० टक्के व कमाल दीड लाख रुपये अनुदान आणि मोटार वाहन करात टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारी सूट अशी तरतूद आहे. अनुदानाची रक्कम नोंदणीनंतर खात्यात जमा होत असल्याने ती सुरुवातीच्या भरण्यात गृहीत धरणे धोक्याचे असते. खरेदीच्या दिवशी लागू असलेली मर्यादा परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट.

नोंदणी प्रमाणपत्र देण्याचे व त्याच्या नूतनीकरणाचे शुल्क बॅटरीवरील वाहनांना ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार माफ आहे. भाड्याने चालणाऱ्या विद्युत गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात. खासगी विद्युत गाडीची अक्षरे पांढरी असतात. बॅटरीवरील परिवहन वाहनांना ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याची अट नाही. तरीही योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि चालक परवाना आवश्यकच आहे. व्यापारी वाहनाची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. १ जून २०२२ पासून विद्युत मालवाहू वाहनांच्या तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत आहे.

चालक परवान्याबाबत एक महत्त्वाची शंका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दूर केली. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकते, असा निर्वाळा पीठाने दिला. छोट्या मालवाहू गाड्या या मर्यादेच्या कितीतरी आत येतात.

क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास मोटार वाहन कायद्यानुसार २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे. विद्युत गाडीत जादा भाराची किंमत दुहेरी पडते : दंडाची जोखीम आणि त्याच दिवशी घटणारा पल्ला.

चार्जिंग : घरी, गोदामात आणि रस्त्यात

सर्वांत स्वस्त व सोयीचे चार्जिंग रात्री, गाडी उभी असते तेथेच होते. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॅट वीज मिळते. त्या गतीने २१ युनिटांची बॅटरी भरण्यास सात ते आठ तास लागतात. संध्याकाळी नऊला लावलेली गाडी पहाटेच्या भाजीबाजाराच्या वेळेस तयार असते.

त्यासाठी पूर्वतयारी हवी. सॉकेट स्वतंत्र वायरीवर असावा, अर्थिंग तपासलेले असावे आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवलेले असावे. घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असेल, तर वीज वितरण कंपनीकडून तो वाढवून घ्यावा लागतो. लांबवर ओढलेली एक्स्टेन्शन वायर हा सर्वांत मोठा धोका असतो. सात-आठ तास सलग पूर्ण प्रवाह वाहून नेण्यासाठी ती बनवलेली नसते.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि गाडी रस्त्याकडेला लावणाऱ्या चालकासमोर खरी अडचण येथेच उभी राहते. त्याच्याकडे मीटर नसतो आणि सॉकेटही नसतो. अशा वेळी ज्या व्यापाऱ्याचा वा गोदामाचा माल नियमित वाहून नेला जातो, त्याच्याच आवारात रात्रीच्या चार्जिंगची व्यवस्था भाड्याच्या करारात लेखी बोलून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. विजेसाठी वेगळा उपमीटर लावल्यास वाद टळतात.

सार्वजनिक केंद्रांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शहरांत २०३० पर्यंत दर एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात एक केंद्र आणि महामार्गांवर दर २० किलोमीटरला एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट त्यांत आहे. सकाळी नऊ ते दुपारी चार या सौरऊर्जेच्या वेळेत केंद्रांना मिळणारी वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट, तर इतर वेळी १.३ पट दराने असावी, असेही सुचवले आहे. ही सवलत ग्राहकापर्यंत पोहोचली, तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थोडे चार्जिंग करून घेणे फायद्याचे ठरेल.

जलद चार्जिंगबाबत एक गैरसमज आढळतो. केंद्रावर ६० किलोवॅटचा चार्जर असला, म्हणून छोटी गाडी तेवढ्या वेगाने चार्ज होत नाही. किती वीज घ्यायची, हे गाडीची बॅटरी ठरवते. महिंद्राच्या दाव्यानुसार झेडईओला जलद चार्जरवर १०० किलोमीटर अंतराची वीज भरण्यास साधारण एक तास लागतो. त्यामुळे सर्वांत मोठ्या चार्जरपेक्षा रिकामा व चालू स्थितीतील चार्जर शोधणे अधिक उपयोगाचे. चारचाकींसाठी सीसीएस-२ ही जोडणी रूढ आहे, तीनचाकींची जोडणी निराळी असू शकते. आपल्या गाडीला कोणती जोडणी लागते, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

नागपूरपर्यंत जाता येईल का

तेलीबांध्याहून भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली आणि भंडारा या मार्गाने नागपूर सुमारे २९० किलोमीटर पडते. रायपूर आणि नागपूर यांचा व्यापारी व कौटुंबिक संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. आजही घरसामान, यंत्रांचे सुटे भाग आणि फळे या वाटेने येत-जात असतात.

विद्युत छोटा ट्रक हे अंतर कापू शकतो. प्रश्न आहे तो वेळेचा. पूर्ण चार्ज केलेल्या गाडीने १५ टक्के वीज राखून साधारण १०० किलोमीटर जावे आणि पुढे प्रत्येक थांब्यावर ८५ टक्क्यांपर्यंत चार्ज करून सुमारे ८५ किलोमीटरचा टप्पा गाठावा, असे धरले तर किमान तीन थांबे लागतात. प्रत्येक थांबा तासाभराचा मानला आणि चार्जरपुढील रांग सोडून दिली, तरी प्रवास तीन तासांनी वाढतो. या वर्गातील गाड्यांचा कमाल वेगही ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या आसपास असतो. एखाद्या वेळची फेरी म्हणून हे चालून जाईल. रोजची नागपूर फेरी मात्र अशा गाडीचे काम नव्हे.

दुर्गपर्यंतची जाऊन-येऊन फेरी सुमारे ९० किलोमीटरची असल्याने एका चार्जमध्ये बसते. आरंगची फेरी सुमारे ७० किलोमीटरची, तीही बसते. राजनांदगावची फेरी मात्र दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. तेथे माल उतरवण्याच्या वेळेतच चार्जिंगची सोय असेल, तरच ती स्वीकारावी. भाडे ठरवताना केवळ अंतर सांगून भागत नाही, थांब्याचा वेळही बोलणीत यायला हवा.

महामार्गावर निघण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात : प्रत्येक टप्प्यावर एक मुख्य व एक पर्यायी चार्जर, तो चालू असल्याची त्याच दिवशीची खातरजमा, पैसे भरण्यासाठी लागणारे ॲप आधीच सुरू केलेले असणे, आणि मालाचे नेमके वजन.

उन्हाळा, पाऊस आणि बॅटरीचे आयुष्य

रायपूरमध्ये मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उष्णतेने बॅटरीची झीज वेगाने होते. या वर्गातील अनेक गाड्यांत वापरली जाणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उष्णतेला तुलनेने अधिक तग धरते. तरीही गाडी सावलीत उभी करणे, भर दुपारच्या फेरीनंतर लगेच चार्जिंगला न लावता थोडा वेळ जाऊ देणे आणि रात्रीच्या गारव्यात चार्ज करणे, एवढ्या सवयींनी आयुष्य वाढते. या बॅटरीत शिल्लक वीज अचूक दिसावी, यासाठी उत्पादकाच्या सूचनेनुसार अधूनमधून ती पूर्ण १०० टक्के भरणे आवश्यक असते.

पावसाळ्यासाठी ‘आयपी-६७’ हा दर्जा पाहावा. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिल्यास पाणी आत जाणार नाही, असा त्याचा अर्थ. वाहत्या नाल्यातून गाडी घालण्याची ती परवानगी नव्हे. चारचाकी विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-०३८ हे सुरक्षा मानक असून त्याच्या सुधारित तरतुदी डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या.

बॅटरीची हमी वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथवरच असते. झेडईओसाठी ती सात वर्षे किंवा दीड लाख किलोमीटर आहे. रोज ९० किलोमीटर धावणारी गाडी साडेपाच वर्षांतच दीड लाख किलोमीटर पूर्ण करते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि गाडी विकल्यास हमी नव्या मालकाकडे जाईल का, हे दोन प्रश्न खरेदीपूर्वी लेखी स्वरूपात विचारावेत. जुन्या विद्युत मालवाहू गाड्यांचा बाजार अजून पुरता रुजलेला नसल्याने विक्रीची किंमत बव्हंशी याच उत्तरांवर अवलंबून राहील. निकामी बॅटरी भंगारात देता येत नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

खरेदीपूर्वीचा पंधरवडा

सध्याच्या गाडीची रोजची धाव सलग पंधरा दिवस वहीत लिहून काढणे, ही निर्णयाची सर्वांत भरवशाची तयारी होय. बहुतेक दिवस ५० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान असतील आणि रात्री हक्काचा सॉकेट असेल, तर विद्युत गाडी हप्ता भरून शिल्लक ठेवू शकते. धाव ३० किलोमीटरच्या आत असेल, तर अधिक दिलेली किंमत परत येण्यास फार काळ लागतो. ती वारंवार १२० किलोमीटरपलीकडे जात असेल, तर गाडीचा कमाईचा वेळ चार्जरपाशी जातो. सॉकेटची सोय नसेल, तर गाडी ठरवण्याआधी जागा ठरवावी.